जर्मनचं कुंपण

"एवढे डॉलर मोजून शेवटी जर्मनचं कुंपण?" आमची आई म्हणाली.

आमच्या रत्नागिरीकडे अॅल्युमिनियमच्या भांड्यांना जर्मनची भांडी म्हणतात. आईच्या लेखी जर्मन म्हणजे पोचे पडणारं आणि चिंचेचा कोळ घातला की काळवंडणारं. आता आम्ही पडलो मेकॅनिकल इंजिनियर, त्यातून इथे येऊन मास्टर्स केलेलं. आईला अॅलॉय समजावून सांगायला बसलो, पण जे सांगितलं त्यातलं निम्मं आम्हीच नंतर पुस्तकात पाहून दुरुस्त केलं.

मुळात कुंपणाचा विषय निघाला तो २०२३ च्या एप्रिलमध्ये. सेंट्रल जर्सीतलं हे घर २०१४ साली घेतलं तेव्हा स्विमिंग पूल आणि त्याभोवतीच्या हद्दीवरचं लाकडी कुंपण दोन्ही आयतंच मिळालं होतं. कुंपणाचे खांब जमिनीलगत कुजत चालले होते, मधल्या दोन फळ्या गळून पडल्या होत्या. "या समरला बघू" असं म्हणत आम्ही नऊ समर काढले. त्या दिवशी आई खिडकीपाशी भाजी निवडत होती. एकदम ओरडली. शेजारच्या आजोबांचा अडीच वर्षांचा नातू फळ्यांच्या फटीतून आत आला होता आणि पूलच्या कडेला उकिडवा बसून कव्हरवर साचलेलं पावसाचं पाणी काठीने ढवळत होता. सौ. अनवाणीच धावल्या. काही झालं नाही. पण त्या रात्री आम्हा दोघांनाही झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवसापासून कोटेशनं मागवायला सुरुवात केली. लाकूड नको होतंच. सहा फुटी पांढरं व्हायनल पुष्कळांकडे असतं, दिसतंही छान. पण सौ.नी एकच प्रश्न विचारला, "त्या भिंतीआड पोर आलं तर आईंना खिडकीतून दिसलं असतं का?" तिथेच व्हायनल बाद झालं. आम्हाला अडवणारं कुंपण हवं होतं, झाकणारं नको होतं. लोखंडी गजांचं म्हणाल, तर रत्नागिरीच्या फाटकाला दर दिवाळीआधी रेडऑक्साइड लावण्यात आमचं बालपण गेलंय. राहिलं अॅल्युमिनियम.

अॅल्युमिनियम गंजत नाही असं सेल्समन सांगतात, ते बरोबर नाही. ते लोखंडापेक्षा लवकर हवेशी संयोग पावतं, फक्त त्याचा ऑक्साइड पापुद्रे होऊन गळत नाही, घट्ट चिकटून आतल्या धातूला झाकतो. आंबट किंवा अल्कली पदार्थ लागला की हा थर विरघळतो. आईची चिंच ती हीच. ओलं काँक्रीट तर चांगलंच अल्कली असतं, म्हणून काँक्रीटमध्ये पुरायच्या खांबावर पावडर कोटिंग अगदी तळापर्यंत हवं. कोटिंगच्या ए.ए.एम.ए. मानकात २६०३ म्हणजे फ्लोरिडाच्या उन्हात एक वर्षाची परीक्षा, २६०४ म्हणजे पाच वर्षांची. आम्ही २६०४ मागितलं. धातूचंही तसंच. ६०६३-टी५ आणि ६००५-टी५ दिसायला सारखेच, पण दुसऱ्याची ताकद दुपटीहून जास्त. हे नंबर विचारले की निम्मे सेल्समन "मागाहून फोन करतो" म्हणतात. (आईला पटलं ते मात्र वेगळ्याच गोष्टीने. १८८४ साली वॉशिंग्टन मॉन्युमेंटच्या टोकावर अॅल्युमिनियमचा कळस बसवला, तेव्हा ते चांदीच्या भावाने मिळत होतं!)

पूल असला की उंची आपल्या मर्जीवर राहत नाही. आमच्या टाउनशिपचा नियम असा : कुंपण निदान ४८ इंच, खाली फट २ इंचांहून जास्त नको, गजांमधून ४ इंचांचा चेंडू जाता कामा नये. आणि दोन आडव्या पट्ट्यांत ४५ इंच अंतर हवं, म्हणजे पोराला शिडी मिळत नाही. ४८ इंची पॅनेलमध्ये एवढं अंतर सहसा बसत नाही, म्हणून आम्ही ५४ इंची घेतलं. जमीन उतरती असेल तर उताराबरोबर तिरकं होणारं पॅनेल मागावं. पायऱ्या-पायऱ्यांनी लावलं की प्रत्येक पॅनेलखाली त्रिकोणी भोक राहतं, मांजराला आणि पोराला सोयीचं.

खड्डे मात्र स्वतः उभं राहून मोजा. आमच्या कंत्राटदाराने ३६ इंचांऐवजी २४ इंचांवर काम आटोपायला घेतलं होतं. थंडीत ओली माती गोठून फुगते आणि उथळ खांब वर उचलते. इन्स्पेक्टरने टेप घातला आणि अकरा खड्डे पुन्हा खणायला लावले. खणण्याआधी ८११ ला फोन करायला विसरू नका. गॅस आणि केबल कुठून जाते त्याच्या खुणा ते फुकट करून देतात.

सगळ्यात अवघड निघालं ते वेगळंच. सर्व्हे केला तर आजोबांची हायड्रेंजियाची अख्खी रांग आमच्या हद्दीत जवळजवळ फूटभर आत. ती त्यांच्या दिवंगत पत्नीने लावलेली. खुंट्या बघून आजोबा काहीच बोलले नाहीत, नुसते घरात गेले. आमचे वडील चुलत्यांशी गडग्याच्या हातभर जागेसाठी बारा वर्षं कोर्टात गेले होते. निकाल आमच्या बाजूने लागला, पण चुलत्यांच्या घरचं हळदीकुंकू कायमचं तुटलं. आई म्हणाली, "झाडांच्या अलीकडून घाल." मग वकिलाकडून एका पानाचं पत्र करून घेतलं : जागा आमची, झाडं त्यांची, परवानगीने. दोघांनी सह्या केल्या. कुंपण फूटभर आत आलं.

फाटक पूलपासून बाहेरच्या बाजूला उघडतं, कडी ५४ इंचांवर. ते हात सोडला की आपोआप बंद व्हायला हवं. दर एप्रिलमध्ये आम्ही ते वीतभर उघडून सोडून बघतो. गेल्या एप्रिलमध्ये कडी लागेना, बिजागरीची स्प्रिंग सैल झाली होती. आम्ही स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आत उभे, पलीकडून आजोबांनी फाटक धरलं होतं, आणि नातू दोन गजांमधून हात घालून आईकडे चकली मागत होता.