दाजीपूरला फोटो काढायला जाताना

डोंगराचे फोटो काढायला माणसे पार हिमालय गाठतात. आपल्याला कोल्हापूरहून राधानगरी, दाजीपूर आणि पुढे फोंडा घाट उतरून कोकण, एवढा रस्ता दोन दिवस पुरतो.

पावसाळ्यात अभयारण्य बंद असते. तेव्हा घाटातल्या धबधब्यांवर नि धुक्यावर समाधान मानायचे. गवा टिपायचा तर दिवाळीनंतर जावे. उन्हाळ्यात तर पाणवठे आटतात आणि उरलेल्या पाण्यावर कळपच्या कळप येतो. नाक्यावर वनखात्याची परवानगी घ्यावी. गवा दिसला की गाडी बंद करून आतूनच फोटो घ्या. पायात पांढरे मोजे घातल्यागत तो गरीब दिसतो खरा, पण मोठा नर हजार किलोच्या घरात भरतो. मोबाईल घेऊन जवळ जाणे म्हंजे शुद्ध वेडेपणा.

आता मुख्य गोष्ट. फोटोला उजेड चांगला तो उगवतीचा, म्हणून लोक घरून पहाटे चारलाच निघतात. गळिताचा हंगाम, भोगावतीकाठचे धुके, आणि रस्त्यात बंद पडलेली उसाची ट्रॉली. मागे ना दिवा, ना तांबडे फडके. मागल्या माघात आमची गाडी अशाच ट्रॉलीच्या हातभर अलीकडे थांबली. पोरं मागे झोपलेली होती. तेव्हा आदल्या दिवशी उजेडीच राधानगरी गाठून मुक्काम करावा.

परत आल्यावर आमच्या दोन्ही ट्रॉल्यांना मागे तांबड्या चमकत्या पट्ट्या मारून घेतल्या. फोटो नंतर धुवून आणले.