खाज नाही, म्हणून धोका नाही?

कंपवाताचे एक आजोबा मध्यंतरी तपासणीस आले. गोळ्या नेहमीच्याच होत्या. तरीही हातापायांच्या अनैच्छिक हालचाली वाढल्या होत्या आणि पलंगावरून उठताना घेरी येत होती. बरीच चौकशी केल्यावर मुलगी म्हणाली, “रोज चमचाभर कवचबीजाची पूड देतो. पण डॉक्टर, ती रानातली खाजरी नव्हे, लागवडीची आहे.”

हा समज पुष्कळांचा असतो. म्हणून खाजकुइलीच्या या दोन जवळच्या प्रकारांची नीट ओळख करून घेऊ.

पावसाळ्यात कुंपणांवर चढणारी ही शेंगवर्गीय वेल. पाने त्रिदली, फुले जांभळी, घोसांनी लोंबणारी. रानटी प्रकाराच्या वळणदार शेंगांवर सोनेरी-तपकिरी कुसळे असतात. ती सहज गळतात आणि त्यांतील विकरामुळे असह्य खाज सुटते. लागवडीच्या प्रकाराच्या शेंगांवर मात्र मऊ, मखमली लव असते. ती टोचत नाही. तिच्या बियाही सहसा मोठ्या असतात. केवळ पानांवरून हा भेद कळणे कठीण. तो शेंगेवरून कळतो, मात्र हात न लावता पाहावे.

परंतु खाज कुसळांत असते, औषध बियांत. दोन्ही प्रकारांच्या बियांत लेव्होडोपा असते. भारतीय संशोधकांनी १९३७ साली या बियांतून ते वेगळे केले होते. कंपवाताच्या गोळ्यांतील मुख्य द्रव्यही तेच. बियांतील त्याचे प्रमाण वाणागणिक बदलते. शेकडा ४ धरले, तरी ५ ग्रॅम पुडीत २०० मिलिग्रॅम भरते. नेहमीच्या एका गोळीत बहुधा १०० मिलिग्रॅम असते. शिवाय गोळीतील कार्बिडोपा पुडीतील लेव्होडोपाचाही प्रभाव वाढवते. मात्रा अधिक झाली की मळमळ, रक्तदाब उतरणे, भास होणे असे त्रास उद्भवतात. उठताना तोल गेला, तर वृद्धांचे हाड मोडण्याची भीती असते.

म्हणून पूड कोणत्याही वाणाची असो, डॉक्टरांना न विचारता देऊ नये. देत असल्यास लपवू नये. मानसिक विकार किंवा काचबिंदू असल्यास विशेष जपावे. चालू गोळ्याही आपल्या मनाने एकाएकी थांबवू नयेत.

रानात कुसळे लागलीच, तर चोळू नका. चिकटपट्टीने ती उचलून घ्या, मग त्वचा धुवा आणि कपडे बदला. डोळ्यांत गेल्यास भरपूर पाण्याने धुऊन डॉक्टरांकडे जा.

आजोबांची पूड बंद केली. काही दिवसांत घेरी थांबली. आता त्यांची मुलगी तपासणीस येताना घरातली प्रत्येक पुडी आणि बाटली पिशवीत घालून आणते.