उधारीची मुदत : कायदा काय सांगतो?

कापडाच्या धंद्यात उधारी ही जुनी रीत आहे. मागवाला सूत रोखीने आणतो, कारागिराची मजुरी हप्त्याला चुकती करतो; पण तयार कापडाचे पैसे त्याला तीन-तीन, चार-चार महिने मिळत नाहीत. मालाला गिऱ्हाईक असूनही केवळ वसुली अडकल्यामुळे बंद पडलेले माग मी पाहिले आहेत. मी स्वतः कापड घेणारा आहे. तेव्हा या दोषात माझाही वाटा आहे.

यावर सरकारने २००६ साली सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठी कायदा केला. सूक्ष्म व लघु उद्योगाकडून माल घेतल्यावर लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असेल तर ठरल्या मुदतीत पैसे द्यावेत, असे तो सांगतो. मात्र करारातली मुदतही ४५ दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. व्याज घ्यावे की नाही, हा ज्याच्या त्याच्या ईमानाचा प्रश्न आहे. मुद्दल वेळेवर मागणे मात्र प्रत्येकाचा हक्क आहे.

हा कायदा बरीच वर्षे कागदावरच राहिला, कारण तक्रार केली की गिऱ्हाईक तुटते. म्हणून २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात दुरुस्ती केली. ती १ एप्रिल २०२४ पासून अमलात आली आणि २०२३-२४ च्या हिशेबाला लागू झाली. तिचा अर्थ एका उदाहरणाने पाहू. समजा, १ फेब्रुवारीला करार न करता ५ लाखांचे कापड घेतले. मुदत १५ दिवसांची. ३१ मार्चपर्यंतही पैसे दिले नाहीत, तर ती खरेदी त्या वर्षाच्या खर्चात धरली जात नाही. ५ लाख नफ्यात मिळवून त्यावर कर बसतो. वजावट मिळते ती प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षी. त्या मार्चमध्ये माझ्या हिशेबनिसाने बाकीची यादी समोर ठेवली, तेव्हा माझे डोळे उघडले.

याला दुसरी बाजूही आहे. हे संरक्षण उत्पादकाला आणि सेवा देणाऱ्याला आहे. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्याची उद्यम नोंदणी २०२१ पासून होते, पण ती बँकेच्या कर्जापुरतीच. म्हणजे आम्ही मागवाल्याला ४५ दिवसांत द्यायचे आणि दुकानदाराकडून मात्र ९० दिवसांनी घ्यायचे. यातून पळवाट म्हणून काहीजण नोंदणी नसलेल्याकडूनच माल घेऊ लागले. मागवाल्यांनी या दडपणाला बळी पडून नोंदणी टाळू नये.

मागवाल्यांनी इतके करावे : उद्यम नोंदणी मोफत आहे, ती माल देण्यापूर्वीच करावी. नोंदणी क्रमांक बिलावर छापावा. मुदत लिहून घ्यावी. माल पोहोचल्याची तारखेसह सही घ्यावी, कारण मुदत तिथूनच मोजतात. मालाविषयीची हरकतही घेणाऱ्याने १५ दिवसांत लेखीच कळवावी लागते. तरीही पैसे अडकले तर राज्याच्या सुविधा परिषदेकडे अर्ज करता येतो. निकाल विरुद्ध गेल्यास त्याला आव्हान देण्यासाठी खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते.

आणि आम्हा व्यापाऱ्यांनी? जितके दिवस आपण पैसे थांबवू शकतो तितकीच खरेदी न करता, जितके वेळेवर देऊ शकतो तितकीच करावी. दुसऱ्याच्या भांडवलावर चालवलेला धंदा मोठा दिसतो, पण मागवाला बुडाला की आपल्याला माल कोण देणार?