दुकानाच्या डोक्यावर चार खंड!

इंग्लंडमध्ये इप्सविच नावाचं शहर आहे. तिथल्या बटरमार्केट नावाच्या रस्त्यावर एक भारी घर आहे. त्याचं नावच 'एन्शंट हाउस', म्हणजे पुरातन घर! त्याचे काही भाग 15 व्या शतकातले आहेत. शिवाजी महाराजांचा जन्म 1630 चा. हे घर त्याच्याही कितीतरी आधीचं!

स्पॅरो नावाचं कुटुंब इथे पिढ्यान् पिढ्या, दोनशेहून जास्त वर्षं राहिलं. आणि पुढे या घराचं काय झालं असेल? ओळख पाहू! दुकान झालं! आधी तिथे पुस्तकं मिळायची, नंतर स्वयंपाकघरातल्या वस्तू मिळू लागल्या.

पण राहत्या घराच्या भिंती फोडून मोठ्ठी काच बसवली, तर घर कोसळणार नाही का?

नाही ना! हीच तर गंमत आहे. गणपतीचा मांडव आठव. तो कशावर उभा असतो? कापडावर? छे! बांबूंवर! कापड काढलं तरी मांडव जागचा हलत नाही. हे घरही तसंच आहे. याचे 'बांबू' म्हणजे ओक झाडाचे जाडजूड खांब आणि तुळया. छपराचा, मजल्यांचा सगळा भार तेच पेलतात. मधल्या भिंती म्हणजे नुसतं कापड! त्या काढा, तिथे दुकानाची काच लावा. खांब-तुळया जागेवर असल्या की झालं!

'कापड' कशाचं असायचं, माहीत आहे? काटक्या विणून कूड करायचा. मग माती, पेंढा आणि चक्क शेण कालवून त्यावर थापायचं. हो, कोकणात कुडाच्या भिंती असायच्या ना, तशाच!

आणि खांब-तुळया जोडायला खिळे लागायचेच असं नाही! एका लाकडाच्या टोकाला जीभ कोरायची, दुसऱ्यात खाच पाडायची. जीभ खाचेत बसवायची आणि आरपार लाकडी खुंटी ठोकायची. बास!

सुतार लाकूड वापरायचे तेही ताजं, ओलं. ओला ओक कापायला सोपा जातो ना! मग घरात बसल्या बसल्या तो वाळायचा, थोडा पिळवटायचा आणि दगडासारखा टणक व्हायचा. म्हणून अशी जुनी घरं कधीकधी वाकडीतिकडी दिसतात. वाकडी, पण भक्कम!

आता या घराची सगळ्यात भारी गोष्ट. पहिल्या मजल्यावर रस्त्याच्या बाजूला चार खिडक्या पुढे आलेल्या आहेत. प्रत्येकीच्या खाली चुन्याच्या गिलाव्यात घडवलेलं उठावदार चित्र आहे. एकेका चित्रात एकेक खंड! युरोपच्या चित्रात चर्च आहे. आशियाच्या चित्रात घुमट. अमेरिकेचा माणूस तंबाखूची चिलीम घेऊन आहे. आणि आफ्रिकेचा? तो चक्क मगरीवर बसलाय! तेही डोक्यावर छत्री धरून!

थांब, थांब. शाळेत तर आपण सात खंड शिकतो. इथे चारच कसे?

कारण ही चित्रं 1660 ते 1670 च्या सुमाराची आहेत. उत्तर आणि दक्षिण मिळून अमेरिका तेव्हा एकच धरली जायची. डच खलाशी 1606 मध्येच ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याला लागले होते, पण चित्रात त्या खंडाला जागा मिळाली नाही. तिथे हजारो वर्षं राहणाऱ्या लोकांना मात्र आपली भूमी चांगलीच ठाऊक होती! आणि अंटार्क्टिका? तो तर 1820 पर्यंत माणसांच्या नजरेस पडल्याची नोंदच नाही.

म्हणजे ही भिंत साडेतीनशे वर्षांपूर्वीचं भूगोलाचं पुस्तकच! आणि पुढे तिच्या खाली दुकान थाटलं गेलं!

आपल्याकडेही पुणे, सातारा, नाशिकच्या जुन्या पेठांमध्ये लाकडी खांब-तुळयांचे वाडे आहेत. त्यांतल्या कितीतरी वाड्यांत रस्त्याच्या बाजूला दुकानं आहेत. पुढच्या वेळी अशा पेठेत गेलास किंवा गेलीस, तर दुकानाच्या पाटीवर थांबू नकोस. मान वर कर. तुळयांची टोकं, कोरलेले खांब, लाकडी सज्जा यांतलं काय काय दिसतं ते वहीत काढून ठेव!