गर्भ पडला, तर दोष कुणाचा?

तिसऱ्या महिन्यात कुणाचा गर्भ पडला, की घरात चौकशी सुरू होते. पपई खाल्ली होती का? पाण्याची बादली उचलली असेल! स्कूटरवरून जायचं काय अडलं होतं? आणि हे सारं ऐकावं लागतं कुणाला, तर जिच्या डोळ्यांतलं पाणी अजून खळलेलं नाही तिला. मैत्रिणींनो, या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा त्या गर्भाच्या पेशींतच असतं.

आपल्या शरीराच्या बहुतेक पेशींत ४६ गुणसूत्रं असतात. हा नेमका आकडा १९५६ साली कळला. २३ आईच्या स्त्रीबीजातून येतात, २३ वडिलांच्या शुक्राणूतून. मग एका पेशीच्या दोन होतात, दोनाच्या चार, चाराच्या आठ. दर वेळी प्रत्येक गुणसूत्राची दुसरी प्रत तयार होऊन दोन्ही पेशींत सारखी वाटणी व्हावी लागते. वाटणी चुकली, की एकीत ४७ जातात, दुसरीत ४५. अशा वेळी एकाच गर्भात काही पेशी बरोबर आणि काही चुकीच्या, असंही होतं.

बरेचदा चूक त्याही आधीची, स्त्रीबीज तयार होतानाची असते. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिच्या स्त्रीबीजांचं विभाजन सुरू होतं आणि मध्येच वर्षानुवर्षं थांबून राहतं. म्हणून पस्तिशीनंतर या चुका वाढतात.

पहिल्या तीन महिन्यांतल्या सुमारे निम्म्या गर्भपातांत गुणसूत्रांचा बिघाड सापडतो. सोळावं गुणसूत्र सगळ्या पेशींत दोनाऐवजी तीन आलं, तर गर्भ टिकत नाही. एकविसावं तीन आलं, तर मूल जन्मू शकतं. तोच डाऊन सिंड्रोम. आई पंचविशीची असेल तर साधारण साडेबाराशे बाळांत एक, चाळिशीची असेल तर शंभरात एक. पपईने किंवा बादलीने गुणसूत्रांची संख्या बदलत नाही.

मिश्री-तंबाखू मात्र खरोखरच सोडा. अंगावर जाऊ लागलं तर लगेच डॉक्टरांकडे जा. एकदा गर्भ पडला म्हणून धीर सोडू नका. पुढच्या खेपेला बहुतेकींचं सुखरूप पार पडतं. दोन-तीनदा असं झालं, तर थायरॉईड, मधुमेह, गर्भाशय यांच्या तपासण्यांबरोबर नवरा-बायको दोघांच्याही रक्तातल्या गुणसूत्रांची तपासणी करण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. कधीकधी एकाच्या गुणसूत्राचा तुकडा जागा बदलून दुसऱ्याला चिकटलेला असतो. माणूस ठणठणीत असतो, पण गर्भ राहत नाही. आणि तो माणूस नवराही असू शकतो, हे सासूबाईंच्या कानावर जरूर घाला!

अशी कुणी दवाखान्यातून घरी आली, तर तिला गरम वरणभात वाढा, चार दिवस कामातून मोकळं करा. काय खाल्लं होतंस, हे मात्र विचारू नका.