दोस्तांची लीग, लेखी नियम

27 मे 2022, शुक्रवार. अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात बेसबॉलचा सामना सुरू व्हायचा होता, खेळाडू मैदानात अंग मोकळं करत होते. तेवढ्यात सिनसिनाटी रेड्सचा टॉमी फॅम प्रतिस्पर्धी संघाच्या जॉक पीडरसनपाशी गेला आणि त्याने पीडरसनच्या थोबाडीत लगावली. दोघेही व्यावसायिक बेसबॉलपटू. भांडण मात्र बेसबॉलचं नव्हतंच. दोघे एका फँटसी फुटबॉल लीगमध्ये होते आणि तिथल्या एका नियमावरून ठिणगी पडली होती. फॅमला तीन सामन्यांची बंदी आणि दंड झाला. या लीगचा कारभारी, म्हणजे कमिशनर होता माइक ट्राउट, बेसबॉलमधलं फार मोठं नाव. फॅमने त्यालाही सोडलं नाही. फँटसी खेळांतला सगळ्यात वाईट कमिशनर, असं त्याने ट्राउटला जाहीरपणे म्हणून टाकलं.

वाद कशाचा होता? फँटसी संघात जखमी खेळाडूसाठी एक वेगळी जागा असते. खेळाडूला तिथे हलवलं की मुख्य संघात एक जागा मोकळी होते आणि नवा भिडू घेता येतो. एक खेळाडू त्या आठवड्याच्या सामन्याला मुकणार असं जाहीर झालं, म्हणून पीडरसनने त्याला त्या जागेवर टाकलं. ही फसवणूक आहे, असं फॅमचं म्हणणं. पीडरसनने नियमाचं छायाचित्रच लीगच्या मेसेज गटावर धाडलं, आणि फॅमनेही अगदी हेच केलं आहे, असं उत्तर दिलं. हंगामाआधी एक ओळ सगळ्यांसमोर वाचून घेतली असती, तर प्रकरण मैदानापर्यंत गेलंच नसतं.

फँटसी फुटबॉल हा खेळ अमेरिकेतला, आणि इथे फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडूचा, हाताने फेकायचा आणि छातीशी धरून पळायचा अमेरिकन फुटबॉल. नॅशनल फुटबॉल लीग, म्हणजे एनएफएलमध्ये 32 संघ आहेत. सप्टेंबरपासून 18 आठवड्यांत प्रत्येक संघ 17 सामने खेळतो. आठ, दहा किंवा बारा मित्र या सगळ्या संघांतले खेळाडू आपसांत वाटून घेतात आणि आपापला कागदी संघ उभा करतात. प्रत्यक्ष सामन्यात खेळाडू जे करेल त्याचे गुण त्याच्या कागदी मालकाला मिळतात. दर आठवड्याला एका मित्राची दुसऱ्याशी लढत लागते. हंगामाच्या शेवटच्या टप्प्यात बाद फेरी होते आणि विजेता ठरतो.

याचा जन्मही दोस्तांच्या बैठकीतच झाला. 1962 साली ओकलंड रेडर्स हा संघ पूर्व किनाऱ्याच्या दौऱ्यावर होता. त्या हंगामात संघाने 14 पैकी एकच सामना जिंकला, त्यामुळे करमणुकीसाठी दुसरं काहीतरी शोधणं भागच होतं. संघाचे एक भागीदार बिल विंकनबाख यांनी न्यूयॉर्कच्या हॉटेलात संघाचे जनसंपर्क अधिकारी आणि ओकलंड ट्रिब्यूनचा वार्ताहर यांना सोबत घेऊन एका खेळाचे नियम मांडले. पुढच्या वर्षी, 1963 मध्ये, विंकनबाख यांच्या घरी आठ मालकांनी पहिली निवड केली. लीगचं नाव जिभेचा व्यायाम घेणारं होतं: ग्रेटर ओकलंड प्रोफेशनल पिगस्किन प्रॉग्नॉस्टिकेटर्स लीग. सर्वांत आधी उचलला गेला जॉर्ज ब्लँडा. जिम ब्राउनसारखा बलदंड धावपटू उपलब्ध असताना ब्लँडाला घेणारे अँडी मूसालिमस यांनी नंतर 1969 मध्ये ओकलंडमधल्या आपल्या किंग्ज एक्स या बारमध्ये हा खेळ ग्राहकांसाठी खुला केला. 1990 च्या दशकाच्या शेवटी गुणांचा हिशेब संकेतस्थळांकडे गेला आणि सोमवारी सकाळी वर्तमानपत्र पसरून आकडेमोड करण्याची गरज संपली. नियम ठरवण्याचं काम मात्र अजूनही माणसांकडेच आहे.

पहिला नियम कमिशनरबद्दल. तो स्वतःही खेळत असतो, म्हणजे पंच आणि खेळाडू एकच. म्हणून जाणत्या लीगमध्ये एक साधी सोय असते: कमिशनरच्या स्वतःच्या संघाचा वाद असेल तर निर्णय दुसरे दोघेतिघे देतात. नियमांच्या कागदाला अमेरिकेत थेट ‘संविधान’ म्हणतात, आणि त्यातलं एक कलम कधी सुटू नये. हंगामाच्या मध्यावर नियम बदलायचा नाही. बदल सुचवा, मत घ्या, पण तो लागू होईल पुढच्या वर्षापासून.

मग येतो ड्राफ्ट, म्हणजे खेळाडूंची वाटणी. गल्लीत क्रिकेटसाठी दोन कप्तान आळीपाळीने गडी वाटून घेतात, तसाच हा प्रकार, फक्त कप्तान दहा आणि फेऱ्या पंधरा-सोळा. पहिल्या फेरीत ज्याचा नंबर शेवटचा, त्याला दुसऱ्या फेरीत पहिला हक्क मिळतो. दहा जणांच्या लीगमध्ये पहिल्या माणसाला पहिला, विसावा आणि एकविसावा खेळाडू मिळतो, तर दहाव्याला दहावा आणि अकरावा लागोपाठ. वाटणीचा क्रम सापासारखा वळत जातो, म्हणून याला स्नेक ड्राफ्ट म्हणतात. दुसरी पद्धत लिलावाची. प्रत्येकाला 200 काल्पनिक डॉलर मिळतात आणि कोणीही कोणावरही बोली लावू शकतो. आयपीएलचा लिलाव पाहिलेल्याला हे समजावून सांगायला नको. पद्धत कोणतीही असो, तीन गोष्टी आधी ठरवाव्या लागतात: क्रमाची चिठ्ठी कधी आणि कोणासमोर काढायची, एका निवडीला किती सेकंद द्यायचे, आणि कोणी हजर नसेल तर त्याच्या वतीने निवड कोण करणार.

गुणांचं कोष्टक किरकोळ वाटतं, पण सगळी खेळी त्यावर ठरते. धावून किंवा झेल घेऊन काढलेल्या दर 10 यार्डांना एक गुण आणि टचडाउनला, म्हणजे चेंडू समोरच्या संघाच्या शेवटच्या रेषेपार नेण्याला, सहा, हा प्रचलित हिशेब. 25 डिसेंबर 2020 रोजी न्यू ऑर्लिन्स सेंट्सच्या अल्विन कमाराने मिनेसोटा व्हायकिंग्जविरुद्ध धावून 155 यार्ड आणि सहा टचडाउन काढले. एका सामन्यात धावून सहा टचडाउन करण्याचा विक्रम 1929 पासून एर्नी नेव्हर्सच्या नावावर होता. कमाराने त्याची बरोबरी केली. त्याने तीन झेल घेऊन आणखी 17 यार्ड मिळवले. धावांचे 15.5, टचडाउनचे 36 आणि झेलांच्या यार्डांचे 1.7 मिळून 53.2 गुण झाले. पण बऱ्याच लीगमध्ये प्रत्येक झेलाला वेगळा एक गुण असतो. तिथे हाच आकडा 56.2 होतो. तो आठवडा बहुतेक लीगमध्ये अंतिम लढतीचा होता, आणि ज्याच्यासमोर कमारा आला त्याची काय दशा झाली असेल हे सांगायला नको. तीन गुण इथे थोडे दिसतात, पण हंगामात 100 झेल घेणारा खेळाडू या एका नियमाने 100 गुणांनी वर जातो. म्हणजे ड्राफ्टमध्ये कोणाला आधी उचलायचं हेच बदलतं. कोष्टक ड्राफ्टच्या आधी हातात हवं ते यासाठी.

हंगाम सुरू झाल्यावर खरी चुरस लागते ती कोणीच न घेतलेल्या खेळाडूंसाठी. 2023 मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सचा पूका नाकुआ हा एनएफएलच्या स्वतःच्या ड्राफ्टमध्ये पाचव्या फेरीत निवडलेला नवखा पोरगा होता. बहुतेक फँटसी लीगमध्ये त्याला कोणी हिंग लावून विचारलं नव्हतं. पहिल्या सामन्यात त्याने 10 झेल घेतले, दुसऱ्यात 15, आणि हंगामअखेर 105 झेल व 1486 यार्ड, हे नवख्या खेळाडूसाठी तेव्हाचे विक्रमी आकडे. पहिल्या सामन्यानंतर सगळ्यांनाच तो हवा होता. अशा वेळी ‘ज्याने आधी बटण दाबलं त्याचा’ हा नियम ठेवला, तर नोकरीत अडकलेला माणूस कायम मागे पडतो. त्यावर दोन उपाय रूढ आहेत. एक म्हणजे आठवड्यातून एकदाच, बहुधा बुधवारी पहाटे, सगळ्यांचे अर्ज उघडायचे आणि तळाच्या संघाला पहिला हक्क द्यायचा. दुसरा म्हणजे प्रत्येकाला हंगामभरासाठी 100 काल्पनिक डॉलर देऊन बंद पाकिटातली बोली लावायला सांगायची. दुसरा उपाय जास्त न्याय्य, कारण त्यात नशिबाचा वाटा कमी आणि डोक्याचा जास्त.

सर्वांत जास्त आवाज चढतो तो अदलाबदलीवर. एकाने आपला तगडा खेळाडू देऊन दुसऱ्याचा सुमार खेळाडू घेतला की उरलेले आठ जण ओरडतात. काही लीगमध्ये बहुमताने सौदा रद्द करता येतो. पण मत देणारे सगळे प्रतिस्पर्धीच असतात, आणि चांगला सौदा मोडण्यात त्यांचा फायदाच असतो. त्यापेक्षा नियम असा बरा: दोघांची मिलीभगत उघड दिसली तरच कमिशनरने सौदा रोखावा, नुसता मूर्खपणा असेल तर होऊ द्यावा. शिवाय नोव्हेंबरच्या मध्यानंतर अदलाबदल बंद ठेवावी, म्हणजे बाद फेरीच्या शर्यतीतून बाहेर पडलेल्याला जाताजाता आपला संघ जिगरी दोस्ताच्या पदरात टाकता येत नाही.

हरणारा माणूस ऑक्टोबरातच संघाकडे बघायचं सोडतो, हे प्रत्येक लीगचं दुखणं. जखमी खेळाडू तसेच संघात राहतात आणि समोरच्याला फुकटचा विजय मिळतो. म्हणून शेवटच्या क्रमांकाला शिक्षा ठेवण्याची चाल पडली. 2009 ते 2015 या काळात चाललेल्या ‘द लीग’ या विनोदी मालिकेने ती आणखी लोकप्रिय केली. 2021 मध्ये मिसिसिपीतल्या एका पत्रकाराला अशीच शिक्षा भोगावी लागली. वॉफल हाउस या उपाहारगृहात 24 तास बसायचं आणि खाल्लेल्या प्रत्येक वॉफलमागे एक तास माफ. पठ्ठ्याने नऊ वॉफल पोटात ढकलले आणि 15 तासांनी सुटका करून घेतली. त्याचा वृत्तान्त तो समाजमाध्यमावर देत राहिला आणि देशभर लोकांनी तो वाचला. शिक्षा सगळ्यांना मान्य असेल, कोणाच्या नोकरीवर किंवा तब्येतीवर बेतणार नसेल, आणि ड्राफ्टच्या आधी ठरलेली असेल, तरच ती गंमत राहते.

खरे खेळाडू आपल्या कागदी मालकांसाठी खेळत नाहीत, हेही मान्य करावं लागतं. 15 नोव्हेंबर 2009 रोजी जॅक्सनव्हिल जॅग्वार्सच्या मॉरिस जोन्स-ड्रूसमोर टचडाउनची रेषा मोकळी होती. तो एक यार्ड अलीकडेच गुडघा टेकून थांबला. त्यामुळे घड्याळ संपत आलं, संघाने शेवटच्या क्षणी फील्ड गोल, म्हणजे दोन खांबांमधून लाथेने मारायचा गोल, केला आणि न्यूयॉर्क जेट्सला 24-22 असं हरवलं. सामन्यानंतर त्याने आपल्या फँटसी मालकांची माफी मागितली. अशा सहा गुणांवर दाद मागता येत नाही.

पण 2 जानेवारी 2023 च्या रात्री प्रश्न वेगळाच होता. बफलो बिल्स आणि सिनसिनाटी बेंगल्स यांच्या सामन्यात पहिल्याच सत्रात बिल्सचा दमार हॅमलिन मैदानावर कोसळला. त्याचं हृदय बंद पडलं होतं. वैद्यकीय पथकाने मैदानावरच त्याला वाचवलं आणि पुढच्या हंगामात तो पुन्हा खेळला. सामना मात्र थांबला तो थांबलाच, काही दिवसांनी रद्द झाला. असंख्य लीगच्या अंतिम लढती त्याच आठवड्यात होत्या आणि जॉश ॲलन, जो बरो, जमार चेस असे मोठे खेळाडू त्या सामन्यात होते. कुणी दोघांना संयुक्त विजेते ठरवलं, कुणी पुढच्या आठवड्याचे गुण धरले, कुणी बक्षीस वाटून घेतलं. सामना रद्द झाला तर काय, ही ओळ त्यानंतर अनेक लीगच्या नियमांत आली.

महाराष्ट्रात आणि गोव्यात फुटबॉल म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो गोल चेंडू, मग कोल्हापुरातल्या तालमींचे सामने असोत की मडगावचं फातोर्डा स्टेडियम. इथल्या दोस्तांसाठी सोपा रस्ता आहे इंग्लिश प्रीमियर लीगच्या अधिकृत, मोफत फँटसी खेळाचा. त्यात 100 दशलक्ष पौंडांच्या काल्पनिक रकमेत 15 खेळाडू घ्यायचे, एका क्लबचे जास्तीत जास्त तीन. कप्तानाचे गुण दुप्पट, आणि मोफत बदलांपेक्षा जास्त बदल केले तर प्रत्येकी चार गुण वजा. एकच खेळाडू सगळ्यांकडे असू शकतो, त्यामुळे वाटणीची भांडणं नाहीत. मित्रांची खासगी लीग सांकेतिक शब्द देऊन दोन मिनिटांत बनते. संघ नक्की करण्याची मुदत फेरीतल्या पहिल्या सामन्याच्या दीड तास आधी संपते. शनिवारचा दुपारचा सामना पहिला असेल, तर ऑगस्टमध्ये ती भारतात साडेतीनला संपते आणि ऑक्टोबरअखेर इंग्लंडची घड्याळं मागे गेली की साडेचारला. 

पैशांचं कलम इथे सर्वांत जपून लिहावं. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. मुंबईच्या ड्रीम इलेव्हनसारख्या कंपनीनेही त्यानंतर पैशांच्या स्पर्धा बंद केल्या. त्यामुळे मित्रांच्या लीगमध्ये रोख रक्कम न ठेवणंच शहाणपणाचं. फिरता चषक आणि शेवटच्या क्रमांकाकडून सगळ्यांना मिसळ, एवढ्यावर चुरस पुरेशी पेटते.

प्रीमियर लीगचा हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होतो, एनएफएलचा सप्टेंबरमध्ये. गट बनवायच्या आधी एका पानावर सात गोष्टी लिहून सगळ्यांची संमती घ्या: कमिशनर कोण, गुणांचं कोष्टक कोणतं, जखमी खेळाडूचं काय, अदलाबदल कधी बंद, बरोबरी झाली तर विजेता कसा ठरणार, सामना रद्द झाला तर काय, आणि शेवटच्याला शिक्षा कोणती. ते पान गटाच्या वरच्या टोकाला डकवून ठेवा आणि मगच पहिला खेळाडू निवडा.