वेफर्स लाल का पडतात?

चकली झाली, चिवडा डब्यात गेला आणि कढईत तेल उरलेच आहे म्हणून कुणीतरी टोपलीतले चार बटाटे किसणीवर धरते. पहिला घाणा बघता बघता लालबुंद होतो. कडेला कडवट, मध्ये चिवट. दोष आधी तेलाला जातो, मग गॅसला, मग किसणीच्या पात्याला. शीतगृहाचे नाव कोणी घेत नाही, आणि बहुतेक वेळा खरा गुन्हेगार तिथेच असतो.

उत्तर भारतातला आणि गुजरातेतला बटाटा साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो. तो वर्षभर पुरावा म्हणून दोन ते चार अंश सेल्सियसला साठवतात. एवढ्या थंडीत कोंब फुटत नाहीत; पण बटाट्यातल्या पिष्टाची हळूहळू साखर होत राहते. दिवाळीपर्यंत सात-आठ महिने गारठलेला हा बटाटा रस्स्यात किंचित गोड लागतो, एवढेच. कढईत मात्र त्या साखरेची आणि अमिनो आम्लांची गाठ पडते आणि काप कुरकुरीत होण्याआधीच तांबूस होतो. भाकरीवर खमंग डाग पडतात तेही याच क्रियेमुळे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मायार याने 1912 मध्ये ती मांडली. भाकरीला शोभते ते वेफरला शोभत नाही, इतकेच.

कारखानदारांना हे चांगले ठाऊक असते. वेफर्ससाठीचा बटाटा ते दहा-बारा अंशांवर ठेवतात आणि वाणही वेगळे निवडतात. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने 1998 मध्ये आणलेल्या ‘कुफरी चिप्सोना’च्या नावातच चिप्स आहे. त्यात साखर कमी, आणि पाणी काढून टाकल्यावर उरणारा भाग वीस टक्क्यांच्या वर. पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावरचे शेतकरी पावसाळी बटाटा घेतात, तोही वेफर्सच्या कंपन्यांकडे जातो. असा नवा माल दिवाळीच्या थोडा आधी बाजारात येतो. ओळख सोपी: नखाने घासले की साल सुटते. जुनाच बटाटा मिळाला तर दोन-तीन आठवडे अंधाऱ्या, हवेशीर जागी, फ्रिजबाहेर ठेवावा. साखरेचा बराच भाग पुन्हा पिष्टात वळतो. तेवढा धीर नसेल तर काप उकळत्या पाण्यातून मिनिटभर काढले तरी वरवरची साखर धुऊन निघते.

बटाट्यात सुमारे ऐंशी टक्के पाणी असते आणि तयार वेफरमध्ये जेमतेम दोन टक्के. घरी जे काही करायचे ते या दोन आकड्यांच्या मधले काम. काप रुपयाच्या नाण्याएवढ्या जाडीचे हवेत, आणि मुख्य म्हणजे सगळे सारखे. जाड-पातळ एकत्र पडले की पातळ जळतो आणि जाड वातड राहतो. काप गार पाण्यात टाकून पाणी नितळ होईपर्यंत दोन-तीनदा बदलावे, नाहीतर सुटे पिष्ट त्यांना एकमेकांना चिकटवते. मग जुन्या सुती साडीवर पसरून कोरडे करायचे.

तेल सुमारे 170 अंशांवर असावे. एक काप टाकला की तळाशी न बसता लगेच वर यायला हवा. आता बुडबुड्यांकडे पाहायचे. कापातले पाणी वाफ होऊन बाहेर पडत असते तोवर तेलाला आत शिरायला वाव नसतो आणि कापाचा आतला भाग शंभर अंशांच्या फारसा वर जात नाही, म्हणून रंगही येत नाही. बुडबुडे विरळ झाले की पाणी संपत आले, आणि तिथून लाल पडायला काही सेकंद पुरतात. फोन उचलायची ही वेळ नव्हे.

तेल जास्त पिते ते बाहेर काढल्यावर. काप गार होताना आतली वाफ निवते, पोकळी तयार होते आणि अंगावरचे तेल आत ओढले जाते. साध्या वेफरमध्ये वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा तेलच असते. म्हणून झारा कढईवरच चांगला झटकावा आणि काप गरम असतानाच चाळणीत निथळावेत.

बीट आणि रताळे साखरेचेच. त्यांना मंद आच लागते, 150 अंशांच्या आसपास. बीटचा लाल रंग जळणे लपवतो, म्हणून तिथे डोळ्यांपेक्षा नाकावर भिस्त. कढईतून निघताना हे काप मऊच असतात, गार झाल्यावर कडक होतात. ते न कळल्याने अनेक जण पुन्हा तेलात सोडतात आणि कोळसा करतात. कारल्याला आधी मीठ लावून पिळून घ्यावे लागते. भेंडीला मात्र मीठ शेवटी, नाहीतर पाणी सुटते. सुरण आणि अळकुडी खाजरी असतात. आपल्याकडे त्यांना कोकमाचे किंवा चिंचेचे पाणी दाखवतात.

लालपणाची एक गंभीर बाजूही आहे. एप्रिल 2002 मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी जाहीर केले की पिष्टमय पदार्थ 120 अंशांच्या वर तळले-भाजले की त्यात ॲक्रिलामाइड तयार होते. कारण पुन्हा तेच, साखर आणि ॲस्परॅजिन नावाचे अमिनो आम्ल. युरोपीय संघाने बटाटा वेफर्ससाठी किलोमागे 750 मायक्रोग्रॅमची संदर्भपातळी ठरवली आहे. घरात मोजायला यंत्र नसले तरी सोनेरी पिवळ्यावर थांबता येते.

आता मसाला. 1954 मध्ये डब्लिनमध्ये जो मर्फी याने ‘टेटो’ सुरू केली आणि चीज-कांद्याच्या चवीचे वेफर्स आणले. त्याआधी बहुतेक ठिकाणी मीठ एवढीच चव होती. मराठी घराला मात्र चवींची वाण नाही: मिरपूड, काळे मीठ, आमचूर, भाजलेल्या जिऱ्याची पूड, वाळवलेला पुदिना. अट एकच, सगळे मैद्यासारखे बारीक हवे. जाडे मीठ डब्याच्या तळाशी जाऊन बसते. वेफर चाळणीत असताना, अंगावरचे तेल मुरण्याआधी, मिनिटभरातच मसाला भुरभुरायचा. लाल तिखट तेलात घालायचे नाही, ते क्षणात जळते.

कोकणात मात्र मीठ थेट तेलातच घालतात. उन्हाळ्यात कापा फणस जून झाला, पण पिकला नाही, की हाताला खोबरेल चोपडून गरे सोडवतात, आठळ्या काढतात आणि गऱ्यांचे उभे काप करतात. पारंपरिक घरांत तळणही खोबरेलातच. गरे अर्धेमुर्धे तळले की चमचाभर हळद-मिठाचे दाट पाणी उकळत्या कढईत शिंपडतात. तेल चर्र करून उसळते, पोरांना आधीच लांब पिटाळलेले असते. पाणी वाफ होऊन जाते आणि मीठ गऱ्यांना धरते. केरळात केळ्याच्या वेफर्सना हीच रीत. उसळी बसली की आवाज हळूहळू बदलतो. झाऱ्याखाली गरे सुक्या शेंगांसारखे खुळखुळू लागले की घाणा उतरवतात.